कच्चें मडकें

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेचा निकाल लागला, त्या सायंकाळची गोष्ट. नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी त्या स्पर्धेंत तीन वर्षें सतत पहिला येत असे. त्या दिवशीं तो दुसरा आला. हातीं पडलेलें प्रशस्तिपत्र त्यानें व्यासपीठाच्या पायऱ्या उतरतां उतरतां फाडलें, आणि पहिल्या रांगेंत बसलेला सातवींतील एक मुलगा तें पाहून हंसला, म्हणून त्याच्या तोंडावर अशी चपराक दिली कीं, त्याच्या ओंठांतून रक्त आलें. सभागृह क्षणभर स्तब्ध झालें. नंतर जो तो बोलूं लागला. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं त्या मुलास सर्व शाळेपुढें उभें करून क्षमा मागावयास लावण्यांत आलें. त्यानें ती मागितली. शब्द बरोबर होते, उच्चारहि शुद्ध होते. डोळे मात्र भिंतीकडे होते.

शिक्षकांच्या खोलींत या प्रकारावर पुष्कळ चर्चा झाली. एका वृद्ध सहकाऱ्यांनीं छडीची आठवण काढून सुस्कारा टाकला. परंतु २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे, हें त्यांनाहि ठाऊक होतें. दुसरे म्हणाले, हा सारा दोष घरच्या लाडांचा. एक बाई म्हणाल्या, मुलाचा आत्मविश्वास कमी पडतो, त्याला आणखी उत्तेजन द्यावयास हवें. मीहि त्या चर्चेंत बराच बोललों. परंतु घरीं जातांना एक गोष्ट मनांत सलूं लागली. या मुलाला वर्गांत उभें करून, याच्या तोडीचा वक्ता या शाळेंत झाला नाहीं, असें जे गृहस्थ तीन वर्षें सांगत आले, ते मीच. तें खरेंहि नव्हतें. याहून चांगले बोलणारे दोघे-तिघे तरी मला आठवतात. मग मीं तसें कां म्हटलें? मूल सुखावतें, आणि तें सुखावलेलें पाहून आपणहि सुखावतों, यापलीकडे त्याचें कांहीं कारण मला सांपडलें नाहीं. प्रस्तुत लेख त्या रुखरुखींतून लिहिला आहे.

ग्रीक पुराणांतील नार्सिससची कथा बहुतेकांनीं ऐकलेली असते, परंतु ती अर्धीच. रोमन कवि ओव्हिड यानें आपल्या ‘मेटॅमॉर्फोसिस’ या काव्याच्या तिसऱ्या सर्गांत ती विस्तारानें सांगितली आहे, आणि तेथें नार्सिससचें वय सोळा वर्षांचें आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. आज आपल्या दहावीच्या वर्गांत तो सहज बसला असता. त्याच्यावर प्रेम करणारी एको नांवाची वनदेवता होती. शापामुळें तिला स्वतःहून बोलतां येत नसे, दुसऱ्याचे शेवटचे शब्दच काय ते परत उच्चारतां येत. तिला त्यानें झिडकारलें, आणि पुढें एका झऱ्याच्या पाण्यांत आपलेंच रूप पाहून तो तेथेंच झुरत राहिला. आपण म्हणतों, त्याचें स्वतःवर प्रेम होतें. परंतु कथा नीट वाचली, तर त्याचें प्रेम स्वतःवर नव्हतें, पाण्यावरील प्रतिमेवर होतें. तें रूप आपलेंच आहे, हें आरंभीं त्याला कळतहि नाहीं. त्याचेच अश्रु पाण्यांत पडून तें डहुळतें, प्रतिमा विसकटते, आणि तेव्हां हा कुमार आक्रोश करून आपली छाती पिटून घेतो. प्रतिमा विसकटली कीं संताप! आमच्या सभागृहांत त्या सायंकाळीं दुसरें काय झालें होतें?

या कथेवरून या वृत्तीला नांव मिळालें. इंग्लंडांतील हॅवलॉक एलिस यानें १८९८ सालीं नार्सिससची उपमा योजिली, पुढच्याच वर्षीं जर्मनीच्या पॉल नॅके यानें त्यावरून शब्द बनविला, आणि १९१४ सालीं फ्रॉइडनें त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. मराठींत आपण तिला आत्मप्रीति म्हणूं. परंतु कुमारवयांतील प्रत्येक मुलाला हें विशेषण चिकटवून मोकळें होणें अन्यायाचें आहे. मेंदूचा जो पुढचा भाग आवेगाला लगाम घालतो, त्याची वाढ विशी उलटल्यावरहि चालूच असते. तेव्हां चौदाव्या वर्षीं माणूस भडकला, तर त्यांत नवल तें काय? शिवाय या वयांत प्रत्येकास असें वाटतें कीं, सारें जग आपल्याकडेच पाहत आहे. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६७ सालीं याचें मोठें सुरेख वर्णन केलें. प्रत्येक कुमार जणूं एका कल्पित प्रेक्षकवर्गापुढें वावरत असतो, असें तो म्हणतो. नाकावर पुटकुळी आली, तर ती साऱ्या शाळेनें पाहिली. सदऱ्याला शाई सांडली, तर गांवभर बोभाटा झाला. वास्तविक ज्याच्या त्याच्यापुढें आपापला प्रेक्षकवर्ग असल्यामुळें दुसऱ्याची पुटकुळी पाहण्यास कोणालाच सवड नसते. ही अवस्था बहुतेकांची आपोआप सरते. ज्याची सरत नाहीं, किंवा ज्याची आपण वडीलधारी माणसें सरूं देत नाहीं, त्याच्याविषयीं हा लेख आहे.

आमच्या सहकारी बाईंचें मत वर दिलें आहे. तें त्यांच्या एकट्यांचें नव्हे. बराच काळ तें साऱ्या सुशिक्षित जगाचें होतें. जो मुलगा मारामारी करतो, त्याला मनांतून आपण क्षुद्र आहों असें वाटत असतें. त्याला त्याची थोरवी पटवून द्या, म्हणजे तो शांत होईल, असें मानीत. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थाननें तर १९८६ सालीं कायदा करून आत्मसन्मान वाढविण्यासाठीं सरकारी मंडळ नेमलें, आणि १९९० सालीं त्या मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला. हेतु चांगलाच होता. परंतु १९९८ सालीं ब्रॅड बुशमन आणि रॉय बाउमायस्टर या दोघांनीं एक प्रयोग करून पाहिला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून निबंध लिहवून घेतला, आणि दुसऱ्या विद्यार्थ्यानें तो तपासला असें सांगून कोणाच्या निबंधावर स्तुतीचा, तर कोणाच्या निबंधावर अत्यंत कडवट शेरा मारला. नंतर एक खेळ ठेवला. त्यांत हरणाऱ्याच्या कानांत जिंकणाऱ्यानें कर्कश आवाज सोडावयाचा, आणि तो किती मोठा हें जिंकणाऱ्यानेंच ठरवावयाचें. सर्वांत कर्कश आवाज कोणीं सोडला? ज्यांना स्वतःविषयीं कमीपणा वाटत होता, त्यांनीं नव्हे. आत्मप्रीति ज्यांची मोठी, आणि ज्यांच्या निबंधाला नांवें ठेवलीं गेलीं, त्यांनीं. साध्या आत्मसन्मानाचा या रागाशीं संबंध आढळला नाहीं.

असे विद्यार्थी सदासर्वदा चिडलेले नव्हते, हें येथें विसरूं नये. ज्यांची स्तुति झाली, ते शांतच होते. प्रतिमेला धक्का बसला, कीं मगच आग.

याहून मला महत्त्वाचा वाटतो, तो २००८ सालीं प्रसिद्ध झालेला सँडर थोमास आणि त्याच्या सहकाऱ्यांचा प्रयोग. कारण त्यांतील मुलें दहा ते तेरा वर्षांचीं, म्हणजे आपल्या पांचवी ते आठवींतील होतीं. या मुलांना एका खेळांत मुद्दाम हरविलें. कांहींना नुसतें हरविलें. कांहींना हरवून शिवाय त्यांचें नांव सर्वांना दिसेल अशा गुणानुक्रमाच्या यादींत तळाशीं टाकलें. नुसतें हरल्यावर आत्मप्रीतीचीं मुलें इतरांहून अधिक भडकलीं नाहींत. चारचौघांत लाज गेली, तेव्हां मात्र भडकलीं. हें वाचून मी पुस्तक मिटलें आणि आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवरील फलक डोळ्यांपुढें आणला. आम्ही चांचणीचे गुण वर्गांत मोठ्यानें वाचून दाखवितों. पहिल्या तिघांचीं छायाचित्रें फलकावर लावितों. कोणी नापास झाला, तर तेंहि सर्वांस कळेल अशी व्यवस्था करितों. आणि एकादा संतापला, कीं त्याला प्रार्थनेपुढें उभा करितों. ज्यानें आग लागते असें दिसून आलें आहे, तेंच आम्ही आग विझविण्यासाठीं वापरतों.

आतां घराकडे वळूं. २०१५ सालीं एडी ब्रुमेलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं हॉलंडांतील ५६५ मुलांचा व त्यांच्या आईबापांचा दीड वर्षाच्या अवधींत चार वेळां मागोवा घेतला. आमचें मूल इतरांहून वरच्या दर्जाचें, तें कांहीं निराळेंच, असें मानणारीं आईबापें ज्यांना होतीं, त्या मुलांची आत्मप्रीति काळानुसार वाढत गेली. ज्यांना आईबापांच्या मायेची ऊब जाणवत होती, त्यांचा आत्मसन्मान वाढला, आत्मप्रीति नव्हे. या दोन गोष्टी आपण नेहमीं एकच समजतों. पण त्या एका झाडाचीं फळें नव्हेत. ‘तूं माझा आहेस’ हें एक वाक्य आणि ‘तुझ्यासारखा कोणी नाहीं’ हें दुसरें. पहिल्याला हरण्याचें भय नाहीं. दुसरें पहिल्या पराभवाबरोबर खोटें ठरतें, आणि मग तें खरें करून दाखविण्यासाठीं कोणाच्या तरी ओंठांतून रक्त काढावें लागतें.

हें नवीन शोधून काढलेलें ज्ञान आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. पवित्र शास्त्रांतील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत दावीद राजाचा पुत्र अबशालोम याचें चरित्र आहे. आपल्या शाळेंत तें शिकवितात, परंतु बापाविरुद्ध बंड करणारा पुत्र एवढाच त्याचा बोध काढून सोडून देतात. त्याच्या रूपाची साऱ्या इस्राएलांत वाखाणणी होई. तळपायापासून माथ्यापर्यंत त्याच्यांत वैगुण्य नव्हतें. दरवर्षीं तो केस कापी, त्या केसांचें वजन दोनशें शेकेल भरे. (हें वजन कोणी तरी करून ठेवीत होतें, ही गोष्ट मला केसांहून अधिक बोलकी वाटते.) त्यानें यवाबास बोलावणें पाठविलें आणि यवाब दोनदां आला नाहीं, तेव्हां अबशालोमानें चाकरांकडून त्याच्या सातूच्या शेताला आग लावविली. पुत्र नसल्यामुळें आपलें नांव राहावें, म्हणून जिवंतपणींच स्वतःसाठीं स्मारकस्तंभ उभारला. आणि शेवटीं पळतांना तोच वाखाणलेला माथा झाडाच्या फांद्यांत अडकून तो लोंबकळत राहिला. परंतु दाविदाचें काय? अबशालोमाला यरुशलेमांत परत आणविलें, पण दोन वर्षें तोंड दाखवूं दिलें नाहीं. धाकटा अदोनीया, तोहि रूपवान्; तूं असें कां केलेंस, असें विचारून बापानें त्याला जन्मांत कधीं दुखविलें नव्हतें, अशी नोंद राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभींच आहे. एका मुलाशीं अबोला आणि दुसऱ्याला मोकळें रान. या दोहोंच्या मधली गोष्ट, म्हणजे जवळ बसवून दोष सांगणें, ती त्या थोर राजाला साधली नाहीं. पुत्रशोकांत त्यानें जो विलाप केला, तो वाचतांना कोणत्या बापाचें मन हलणार नाहीं? पण तो विलाप फार उशिरां झाला.

येथें एक आक्षेप घेतला जाईल. क्रोध हा सर्वस्वीं वाईटच काय? मुळींच नव्हे. प्रभु येशूनें मंदिरांतील सराफांचे चौरंग उलथून टाकले, तो क्रोधच होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा तापटपणा लक्ष्मीबाईंनीं ‘स्मृतिचित्रां’त लपविलेला नाहीं, आणि तरीहि त्या पुस्तकांतून उभा राहणारा माणूस मोठ्या मनाचाच आहे. दुबळ्यावर जुलूम होतांना ज्याचें रक्त तापत नाहीं, असा विद्यार्थी मला नको. मी जो राग म्हणतों, तो निराळा. त्यांत दुसऱ्या कोणाची बाजूच नसते. त्याची ओळख सोपी आहे: तो नेहमीं आपल्याहून लहानावर निघतो. आमच्या वक्त्यानें परीक्षकांना चपराक दिली नाहीं, सातवींतल्या मुलाला दिली.

महाराष्ट्रांतील संतमंडळींत या विषयाची एक कथा सांगतात, आणि तिच्यावरूनच या लेखाचें नांव घेतलें आहे. गोरोबा कुंभारांच्या घरीं सर्व संत जमले असतां, यांतील पक्कें मडकें कोणतें आणि कच्चें कोणतें, याची परीक्षा घेण्याची विनंति गोरोबांना झाली. त्यांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या मस्तकावर मारण्यास प्रारंभ केला. सारे मुकाट्यानें बसले. नामदेव मात्र रागावले. मग गोरोबांनीं निर्णय दिला कीं, हेंच मडकें कच्चें. विठ्ठल आपल्याशीं बोलतो हा नामदेवांचा अभिमान मोठा होता. चारचौघांत असा अपमान झाल्यावर ते तडक पंढरीस गेले आणि देवाच्या पायांशीं गाऱ्हाणें घातलें. कथेचा खरा प्राण पुढें आहे. विठ्ठलानें गोरोबांना दोष दिला नाहीं. निर्णय बरोबरच आहे, असें सांगितलें. पण नामदेवांना दूरहि लोटलें नाहीं. त्यांना औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे जावयास सांगितलें. म्हणजे प्रेम तिळमात्र उणें झालें नाहीं, आणि निकालहि तिळमात्र बदलला नाहीं. आमच्यापैकीं किती आईबापांना हें जमतें? मुलगा रडत घरीं आला, कीं आपण एक तर शिक्षकाविरुद्ध तक्रार घेऊन मुख्याध्यापकांच्या दारीं जातों, नाहीं तर ‘तुझीच चूक असेल’ म्हणून त्याला आणखी दोन शब्द ऐकवितों.

आणि थापटण्याविषयीं एक गोष्ट कुंभाराच्या घरीं उभें राहून पाहण्यासारखी आहे. ओल्या मडक्यावर बाहेरून थापटणें पडतें, तेव्हां कुंभाराचा दुसरा हात मडक्याच्या आंत असतो. तो नसेल, तर मडकें घडत नाहीं, पोचतें.

आजच्या मुलांची अडचण आमच्या पिढीपेक्षां अधिक आहे, हेंहि मान्य केलें पाहिजे. आमच्या घरीं आरसा एकच असे, आणि त्यापुढें कोणी फार वेळ उभें राहिलें, तर आजी टोंकीत असे. आतां मोबाईलच्या रूपानें प्रत्येकाच्या खिशांत आरसा आहे, आणि तो नुसतें रूप दाखवून थांबत नाहीं, गुणहि देतो: इतक्यांनीं पाहिलें, इतक्यांना आवडलें. एल्काइंडच्या प्रेक्षकवर्गास निदान कल्पित म्हणतां येत होतें. आतां तो आंकड्यांत मोजतां येतो. सारा दोष त्या यंत्रावर ढकलणें सोयीचें असलें, तरी मला तें पटत नाहीं. नार्सिससला झरा पुरला.

सर्वांचाच राग चपराकीच्या रूपानें बाहेर येत नाहीं. विशेषतः मुलींमध्यें तो पुष्कळदां दार लावून बसतो. मैत्रिणीशीं बोलणें बंद होतें, जेवण नको होतें, आणि आपण समजतों कीं मुलगी शांत स्वभावाची आहे. ताटीच्या अभंगांची कथा येथें आठवते. लोकांच्या निंदेनें व्यथित होऊन ज्ञानदेव पर्णकुटीची ताटी लावून आंत बसले, तेव्हां बाहेर उभी राहून विनवणारी धाकटी बहीण मुक्ताबाई होती. तिनें ताटी मोडली नाहीं. निंदा करणाऱ्यांवर तोंडसुखहि घेतलें नाहीं, आणि भावाच्या मोठेपणाचे पोवाडेहि गाइले नाहींत. त्याच्याकडून जें अपेक्षित आहे, त्याची मायेनें आठवण दिली, आणि दार उघडेपर्यंत तेथून हलली नाहीं. ज्या घरीं दार लागलेलें आहे, त्या घरच्या वडील मंडळींनीं आणि भावंडांनींहि हे अभंग एकदां शांतपणें वाचावेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस उपदेश पुष्कळ मिळतो, म्हणून मी प्रयोगच सांगतों. थोमास व त्याच्या मंडळीनें २००९ सालीं आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शाळेंतील मुलांना थोडा वेळ बसवून, तुमच्या आयुष्यांत तुम्हांला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी कोणत्या आणि कां, एवढेंच लिहावयास सांगितलें. आत्मप्रीतीच्या मुलांचा वर्गांतील दांडगेपणा त्यानंतर कांहीं काळ कमी झाला. फार नव्हे, शाळेचा एक आठवडा. एवढ्या स्वस्त औषधाचा गुण एक आठवडा राहतो, हें मला थोडें वाटत नाहीं.

आमच्या वक्त्याला मीं शेवटीं एकट्याला बोलावलें, आणि तो दुसरा कां आला, तें सांगितलें. त्याचें भाषण पाठ होतें, हातवारे बिनचूक होते. परंतु बोलतांना तो विषयाकडे पाहतच नव्हता, आपण कसे दिसतों याकडे पाहत होता. तीन वर्षें मीं त्याची जी स्तुति केली, तींत खोटें मिसळलेलें होतें, हेंहि सांगितलें, आणि त्याबद्दल त्याची क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प बसला. नंतर रागावला, माझ्यावरच. दार आपटून गेला. चार दिवसांनीं परत आला आणि यंदाचा विषय कोणता आहे, असें विचारूं लागला. गुण वर्गांत मोठ्यानें वाचण्याची पद्धत बंद करावी, असा अर्ज मीं मुख्याध्यापकांकडे दिला आहे. त्यावर निर्णय व्हावयाचा आहे. सहकाऱ्यांत दोन तट आहेत.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं मीं त्या मुलास वाचून दाखविला. प्रशस्तिपत्र पायऱ्यांवर नव्हे, खालीं उतरल्यावर फाडलें, एवढी दुरुस्ती त्यानें सुचविली. बाकी असूं द्या म्हणाला. सातवींतील तो मुलगा आतां आठवींत आहे. त्यालाहि मीं विचारलें. त्याची हरकत नव्हती. परंतु मधल्या सुटींत हा समोरून येतांना दिसला, कीं तो अजून व्हरांड्याच्या दुसऱ्या बाजूनें जातो.